काच संपल्यावर

बाबा, सगळ्यात आधी नोएल आला. हॉस्पिटलमधून हर्षलचा फोन येऊन अर्धा तासही झाला नव्हता. रेवाला शाळेतून घेऊन मी नुकतीच घरी आले होते, आणि पायातले बूटही काढले नव्हते. शेजारचा नोएल, पंच्याहत्तरीचा, जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, दारात उभा राहिला. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कुणी गेलं की इथे सगळे म्हणतात तेच वाक्य म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग जरा थांबून त्याने विचारलं, त्यांची हत्यारं कुठे आहेत, नीट ठेवली आहेत ना. नंतरच्या दिवसांत लोक सँडविचं घेऊन आले, फुलं आणि कार्डं घेऊन आले. तुमच्या स्क्रूड्रायव्हरांची चौकशी करणारा तो एकटाच.

त्याला आज अठरा दिवस झाले. हर्षल तुमच्या अस्थी घेऊन नागपूरला गेलाय. रेवा शाळेत आहे. मी रजेवर आहे आणि डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. ही खुर्ची तुमची होती. एरवी मी इथे बसत नाही.

तुम्ही पहिल्यांदा इथे, डब्लिनच्या टॅला उपनगरात आलात तेव्हा आईंना जाऊन चार महिने झाले होते. हर्षलने नव्वद दिवसांचा व्हिसा काढून तुम्हाला जवळजवळ ओढूनच आणलं. घरी आल्यावर तुम्ही बॅग उघडली, तर कपडे थोडे आणि मोजे ढीगभर. जुने, धुतलेले, सुती मोजे, आणि एकेका मोज्यात एकेक लेन्स. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात हत्यारं: घड्याळजीकडे असतात तसले बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे, टोकं घासून अणकुचीदार केलेला एक जुना व्हर्नियर, लेन्सची पुढची कडी फिरवायला रबरी बूच. मी बघतेय हे पाहून तुम्ही म्हणालात, नुसतं बसून करणार काय.

तेव्हा मी मनातून वैतागले होते, हे आता सांगायला हरकत नाही. सून म्हणून तुमच्याबद्दल मला माहिती तरी किती होती? नागपूरच्या महाल भागात जिन्याखालचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, तिथे काढलेली पंचेचाळीस वर्षं, आणि लग्नात माझ्याशी बोललेली तीन वाक्यं. आणि मी कोण, तर पुण्याची, डब्लिनमध्ये ऑप्टिक्सची पीएच.डी. केलेली, डोळ्यांच्या तपासणीचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीत लेन्सची गणितं करणारी. दोघांचं पोट लेन्सवरच चालायचं, पण आपण एका धंद्यातले आहोत असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही माझ्या टेबलावर लायटरमध्ये भरायचं पेट्रोल बशीत ओतून त्यात कॅमेऱ्यातलं दातेरी चक्र बुडवत होतात. त्या वासाने माझं डोकं दुखायचं, आणि कार्पेटमध्ये पडलेले स्क्रू शोधत रेवा तासन्‌तास पोटावर पालथी पडलेली असायची.

पहिलं भांडण जेवताना झालं. भांडण म्हणजे काय, मी बोलले आणि तुम्ही गप्प राहिलात. तुमच्या तरुणपणी जपानी कॅमेरा साध्या माणसाच्या हाताला लागत नसे, रशियन मात्र मिळायचे, आणि तुमचं सगळं दुकान त्या झेनिट-झोर्की कॅमेऱ्यांवर चाललं, असं तुम्ही हर्षलला सांगत होतात. रशियन लोक काय पक्कं बनवायचे, असं काहीतरी म्हणालात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बनवायचे कुठे, उतरवून काढायचे. झोर्की जर्मन कॅमेऱ्याची नक्कल, तिची लेन्स जर्मन लेन्सची नक्कल. युद्ध संपल्यावर जर्मनीतून यंत्रं, ड्रॉइंगं, सुटे भाग, अगदी माणसंसुद्धा उचलून नेली आणि वर नाव आपलं घातलं. आमच्याकडे कुणी असं केलं तर त्याला चोरी म्हणतात. हर्षलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, कढीत बुडवलात आणि जेवण संपवून उठलात.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर टेबलावर एक मोजा ठेवलेला, आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली एक जाडजूड आखूड लेन्स. दूरचं टिपायची, पण लांब नळी नसलेली. आतल्या आरशांवर प्रकाश दोनदा परतवून पुढे नेणारी. तुम्ही विचारलंत, "हे कोणाचं चोरलं, सांग बरं." ती रचना रशियन माणसाने स्वतः शोधली होती आणि आम्हाला अभ्यासाला होती. तिच्यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती, आणि ती वस्तू हातात धरायची वेळ मात्र माझ्याच घरात, तुमच्या मोज्यातून आली. मी एवढंच म्हटलं की एका लेन्सने बाकीच्यांची चोरी धुऊन निघत नाही. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "पण नक्कल तुले सोपी वाटते, थे चुकीचं हाये. करून पाह्य एकदा."

त्याच आठवड्यात नोएलचा कॅमेरा आला. कुंपणावरून बोलताना त्याला तुमच्याबद्दल कळलं आणि तो घरात जाऊन हॉट प्रेसमधून, म्हणजे टॉवेल गरम राहायच्या कपाटातून, एक झेनिट घेऊन आला. पहिल्या पगारात घेतलेला, लग्नात वापरलेला, वीसेक वर्षं बंद. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं. तरी तुम्ही दोघं दुपारभर या टेबलाशी बसलात. शटरचा पडदा का अडकतो हे तुम्ही त्याला वऱ्हाडीत समजावलंत, आणि बसच्या क्लचचंही असंच होतं हे त्याने तुम्हाला त्याच्या भाषेत. कॅमेरा सुरू झाल्यावर तो म्हणाला "ग्रँड", आणि तुम्ही तो शब्द उचललात. नंतर चहा कसा झालाय विचारलं की तुम्ही म्हणायचात, "ग्रँड हाये." रेवा, जी आमच्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते, ती मात्र तुमच्याकडून 'का'ऐवजी "काऊन" शिकली आणि तिच्या आयरिश हेलात ते शाळेत मैत्रिणींनाही विचारायला लागली. तिच्या टीचरने मला त्याचा अर्थ विचारला होता. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या खेपेला आलात तेव्हा माझे दिवस वाईट होते. दोन वर्षं खपून मी एका नव्या लेन्सचं डिझाइन केलं होतं, सगळं माझं स्वतःचं. ते कंपनीने बाजूला ठेवलं. त्याऐवजी माझ्याकडे आली वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी केलेली एक लेन्स. त्या लेन्समधली एक काच बनायची थांबणार होती, कारण तिच्यात शिसं असायचं आणि कारखान्याला ती पुढे बनवायची नव्हती. तर उरलेल्या काचांमधून काही निवडा आणि तीच लेन्स पुन्हा जमवा, असं काम. साहेब चांगला माणूस होता, त्याने गोड शब्दांत सांगितलं. मला ऐकू आलं ते एवढंच, की तू आता नकला काढ.

मी राजीनाम्याची मेल लिहून ठेवली होती. हर्षलला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं सांगितलं कोण जाणे. तुम्ही कांदा चिरत होतात, मी भांडी पुसत होते, आणि बोलता बोलता सगळं बाहेर पडलं. तुम्ही मधे एक प्रश्न विचारलात: जुनी काच आणि नवी काच, दोन्हींत प्रकाश सारखाच वाकतो का? मी म्हटलं, नाही, तीच तर अडचण आहे. एक काच बदलली की प्रत्येक भिंगाची गोलाई बदलावी लागते, जाडी बदलावी लागते, सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. तुम्ही म्हणालात, मग याला नक्कल कसं म्हणतेस. आणि सांगितलंत की रशियात अगदी हेच झालं होतं. जर्मनीतून आणलेली काच एक दिवस संपली. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातली काच वेगळी होती. तीच लेन्स त्या काचेत बसेना. तेव्हा कुणीतरी बसून सगळा हिशेब नव्याने केला, आणि तोही कॉम्प्युटरशिवाय केला.

मी चिडलेलीच होते. मी म्हटलं, हे तुम्ही ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. आमच्याकडे मोजायची यंत्रं आहेत. जर्मन लेन्स द्या आणि तुमची ती भिलाईची द्या, मोजून आणते.

भिलाईची लेन्स म्हणजे तुमचा जीव. तुमच्या एकोणिसाव्या वर्षी, तुम्ही उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतात तेव्हा, भिलाईला पोलादाच्या कामासाठी आलेला एक रशियन इंजिनियर कॅमेरा दुरुस्तीला नागपूरला यायचा. मायदेशी परत जाताना त्याने ती उस्तादांना भेट दिली आणि उस्तादांनी पुढे तुम्हाला. रशियाने बनवलेली दुनियेतली सगळ्यात चांगली लेन्स, असं उस्ताद म्हणायचे, आणि तुम्ही ते आम्हाला कितीदा ऐकवलं होतं. जर्मन लेन्स तुमच्याकडे नंतर आली, एका डॉक्टरांच्या घरातल्या अडगळीतून. त्या दिवशी तुम्ही जर्मन लेन्स लगेच काढून दिलीत, पण भिलाईची देताना घुटमळलात. "हे कायले नेतं? हे ने," म्हणून तुम्ही त्याच घराण्यातली एक नंतरची, अॅल्युमिनियमची लेन्स पुढे केलीत. स्वस्तातली, बाजारात ढिगाने मिळणारी. मी ऐकलं नाही. मला वाटलं, लाडकी वस्तू हातातून सोडवत नाही. शेवटी तिन्ही नेल्या.

शनिवारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. मी पुढची भिंगं काढली, त्यांची गोलाई मोजली, जाडी मोजली, पाण्यात आणि हवेत वजन करून काच किती जड आहे ते काढलं. जर्मन लेन्स आणि भिलाईची लेन्स: आकडे तंतोतंत तेच. काचही तीच. तुमच्या उस्तादांची रशियन लेन्स आतून जर्मन होती. युद्धानंतर उचलून आणलेली काच नव्या नळीत बसवली होती, त्यापलीकडे काही नाही. मी वाद जिंकले होते. त्या रिकाम्या खोलीत उभं राहून मला जिंकल्याचा आनंद का होत नाही, ते कळेना.

मग मी अॅल्युमिनियमची मोजली. ती वेगळी निघाली. सगळीकडे वेगळी. एक गोलाई जराशी कमी, त्याची भरपाई दुसरीकडे, एक भिंग किंचित जाड, आणि जिथे नवी काच कमी पडत होती तिथला भार पुढच्या दोन पृष्ठभागांवर वाटून दिलेला. मी ते आकडे कागदावर मांडले आणि खुर्चीत बसले. ज्या कुणी हे केलं त्याने लॉगच्या कोष्टकांवर, एकेक किरण हाताने पुढे ढकलत, महिनोन्‌महिने केलं असणार. मी आठवडाभर माझ्या कॉम्प्युटरशी ज्यासाठी भांडत होते, त्याचं उत्तर तिथे नव्हतं. माझी लेन्स वेगळी होती. पण तो माणूस कुठे अडला, कुठून वळला, हे दिसत होतं. आणि मला वाटलं, याला मी ओळखते.

घरी आले. तुम्ही दारातच उभे होतात. अॅल्युमिनियमच्या लेन्सबद्दल मी सगळं सांगितलं, कागद दाखवला, तुमचं बरोबर होतं असं चक्क तोंडाने म्हटलं. भिलाईच्या लेन्सबद्दल म्हटलं की ती मोजायच्या वेळी मशीन बिघडलं. तुम्ही "बरं" म्हणालात, तिला मोज्यात घातलंत आणि जेवायला वाढायला लागलात. पुन्हा कधी विचारलं नाही.

राजीनाम्याची मेल मी पाठवली नाही. आठ महिने त्या लेन्सवर काम केलं. तुम्ही नागपूरला परतलात तरी दर रविवारी फोनवर विचारायचात, "काच जमली काय?" आकडे तुम्हाला कळत नव्हते, अडलेला माणूस मात्र कळायचा. एकदा मी म्हटलं की सगळं जमतंय, पण कडेला चित्र फिकट पडतंय. तुम्ही विचारलंत, मधलं थोडं सोडून दिलं तर? मी तुम्हाला समजावत होते की असं चालत नाही, आणि समजावता समजावता लक्षात आलं की थोडं चालतं. नेमकं तेवढंच सोडायचं होतं. लेन्स पास झाली तेव्हा मी पहिला फोन तुम्हाला केला, हर्षलला नंतर. तो अजूनही त्यावरून चिडवतो.

आणि मग ही तिसरी खेप. मे महिन्यातला रविवार, आपण चौघं लुआसची ट्राम आणि मग डार्टची लोकल पकडून समुद्रकाठच्या डून लेरीला गेलो होतो. हर्षल आणि रेवा पुढे निघून गेले, आपण दोघं धक्क्यावरून सावकाश चालत होतो. वारा होता. तुम्ही हर्षलचं जाड जॅकेट घातलं होतं आणि त्याच्या खिशात भिलाईची लेन्स होती, कॅमेऱ्यासकट. तुम्ही ती काढून समुद्राचा एक फोटो घेतलात. मला आणखी ओझं वाहवेना.

मी म्हटलं, "बाबा, तेव्हा मशीन बिघडलं नव्हतं."

"माहीत हाये," तुम्ही म्हणालात.

"त्या लेन्समधली काच जर्मन आहे."

"थेही माहीत हाये."

मी थांबले. तुम्ही चालत राहिलात, म्हणून मला पुन्हा तुम्हाला गाठावं लागलं. मग तुम्ही सांगितलंत. डॉक्टरांची जर्मन लेन्स हाती आली त्याच दिवशी तुम्ही दोन्ही खोलल्या होत्या. एकीचं भिंग दुसरीत बसवून पाहिलं. चपखल बसलं. फिल्म घालून फोटो काढला, काही फरक नाही. अॅल्युमिनियमवालीचं भिंग मात्र बसलंच नाही. म्हणजे मी शनिवारभर प्रयोगशाळेत जे केलं, ते तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी जिन्याखालच्या दुकानात, एक भिंग उचलून दुसऱ्या जागी ठेवून केलं होतं.

मी विचारलं, मग सगळ्यांना ती रशियन म्हणून का सांगत आलात. तुम्ही म्हणालात की उस्ताद तेव्हा जिवंत होते, त्यांचा त्या लेन्सवर फार जीव होता, त्यांना काय सांगायचं. त्यांच्यामागे तीच सवय राहून गेली. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही हसलात. "मी उस्तादले नाई सांगितलं. तू मले नाई सांगितलं. तुयं मशीन बिघडलं म्हणाली, तेव्हाच मले समजलं, हे पोरगी आपल्यातली हाये."

वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, असं दाखवायची सोय होती.

परतताना डार्टमध्ये आपण पुन्हा भांडलो, आणि तेच शेवटचं. मी म्हटलं की काहीही असलं तरी ज्याने पहिल्यांदा ती लेन्स काढली, त्या जर्मन माणसाचं नाव कुठेच घेतलं गेलं नाही, हे मला पटणार नाही. तुम्ही म्हणालात, काच संपल्यावर जो बसला त्याचं तरी नाव कुठे आहे. मी म्हटलं, एकाचं नाव गाळलं म्हणून दुसऱ्याचं गाळणं बरोबर ठरत नाही. तुम्ही म्हणालात, ते खरं, पण तू नेहमी पहिल्याचीच बाजू घेतेस. मी उत्तर द्यायच्या आत आपलं स्टेशन आलं.

एक गोष्ट मी तुमच्यापासून मुद्दाम लपवली, बाबा. त्या जर्मन माणसानेही कोऱ्या कागदावर सुरुवात केली नव्हती. त्याच्या कितीतरी वर्षं आधी इंग्लंडमध्ये कुणीतरी तीन भिंगांची एक लेन्स केली होती. लोक तिच्यात भर घालत गेले, आणि त्या रांगेत हा उभा राहिला. ऑप्टिक्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षात शिकवतात. मला हे त्या कढीभाकरीच्या दिवशीही माहीत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही जागच्या जागी जिंकला असता. म्हणून सांगितलं नाही, आणि नंतर सांगायची लाज वाटली. उचलून नेलेल्या यंत्रांना आणि माणसांना मी अजून चोरीच म्हणते, त्यात बदल नाही. पण एवढं तरी कबूल करायला हवं होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी तुमच्या छातीत दुखलं. चार दिवस तुम्ही इथल्या हॉस्पिटलात होतात. खिडकीतून डोंगर दिसतात म्हणून तुम्ही खूश होतात. डॉक्टर कसं वाटतंय विचारायचे आणि तुम्ही "ग्रँड" म्हणायचात, मग ते माझ्याकडे बघायचे. शेवटच्या दुपारी तुम्ही मला विचारलंत की आता ऑफिसात काय चालू आहे. माझं ते बाजूला ठेवलेलं डिझाइन पुन्हा वर आलंय, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, सगळं सांग. मी बोटांनी चादरीवर किरण काढून दाखवत होते, हा इथून येतो, इथे वळतो. तुम्ही बघत होतात. बघता बघता तुम्हाला झोप लागली. रेवाची शाळा सुटायची वेळ झाली होती आणि हर्षल आला होता, म्हणून मी उठले. अर्धंच सांगून झालं होतं.

मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नाही, आणि तुम्ही ते ऐकून घेतले नसते. पण मी आज त्या नोकरीत आहे ते तुमच्यामुळे. तुम्ही मला उपदेश केला नाहीत. तुम्ही मला तुमची लेन्स खोलू दिलीत, आतून ती काय निघणार हे ठाऊक असताना. असं मला आजवर कुणी दिलेलं नाही.

काल मी टेबल आवरलं. तुमच्याकडे दुरुस्तीला आलेला नोएलच्या बहिणीचा कॅमेरा अर्धा उघडलेला होता. चिकटपट्टीवर तुम्ही सगळे स्क्रू काढले त्या क्रमाने चिकटवून ठेवलेत आणि प्रत्येकाखाली मराठी आकडा घातलाय, एक ते चौदा. मी चौदापासून उलटी सुरुवात केली. नऊपर्यंत आलेय. आठवा बसत नाहीये. नोएल म्हणाला, घाई नाही.

गुरुवारी मृत्यूची नोंद करायला गेले होते. हर्षल नागपूरला निघून गेल्यामुळे ते माझ्यावर आलं. काउंटरमागची बाई मऊ आवाजात एकेक विचारत होती आणि टाइप करत होती. नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती. मग तिने व्यवसाय विचारला आणि तुमच्या वयाकडे बघून स्वतःच म्हणाली, "रिटायर्ड?"

मी म्हटलं, नाही. तिने मान वर केली. मी म्हटलं, रिटायर्ड नाही, कॅमेरा दुरुस्त करायचे. हॉस्पिटलात नेलं त्या सकाळीसुद्धा करत होते. तिने थोडा विचार केला, मग "राइट सो" म्हणून "कॅमेरा रिपेअरर" एवढंच टाइप केलं आणि मी वाचावं म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवला. मी दोनदा वाचलं आणि सही केली.

तेव्हा बाबा, आयर्लंडच्या सरकारी दफ्तरात तुम्ही कामावर आहात.